पुऱ्या यायच्या ते दार

नांदेडात तरोडा नाक्याच्या थोडं पुढं भामाबाईंचं मंगल कार्यालय आहे. लग्नं आता बायपासवरच्या लॉनवर लागतात, त्यामुळं कार्यालयाच्या लांबुळक्या जेवणाच्या हॉलमध्ये पंगती बसायच्या बंद झाल्या आणि तिथं एअर रायफलची रेंज आली. भिंतीवरचं ‘शुभ विवाह’ कुणी पुसलं नाही. बरोबर त्याच्याखाली पाच टार्गेटं लावलेली आहेत. नवीन पोरगं आलं की जुनी पोरं त्याला सांगतात, "नीट बघून मार, हितं भल्याभल्यांची शिकार झालीय."

ही रेंज चालवतात पंचशीला गजभारे. मूळच्या हिमायतनगरच्या. पोलिसात होत्या, पोलिसांच्या नेमबाजी संघातून राज्यभर खेळल्या, आणि मुदतीच्या आधीच नोकरी सोडून पोरांना शिकवायला लागल्या. पोरं त्यांना मॅडम म्हणतात. मॅडमचा आवाज मोठा नाही आणि तो मोठा करायची वेळही त्यांच्यावर येत नाही. त्या नुसतं बघतात. त्यांनी बघितलं की पोराला आपोआप आठवतं, रायफल टेबलावर ठेवताना आपला बोल्ट उघडायचा राहिलाय, नाहीतर नळीत केशरी दोरी घालायची राहिलीय. ती दोरी नळीतून आरपार गेली की लांबूनसुद्धा कळतं, आत काही नाही.

रेंजवर नियम चपलांपासून सुरू होतात. चपला दाराशी. रायफलीचं तोंड कायम टार्गेटकडं, मग तुम्हाला मागून कुणी हाक मारो की मधमाशी चावो. छर्रा भरायचा तो हुकूम मिळाल्यावरच. टार्गेटचा कागद दोरीवरून सरकत आपल्याकडं येतो, आपण उठून त्याच्याकडं जायचं नाही. आणि छर्रे शिशाचे असल्यामुळं साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.

"आई विचारत होती," यज्ञेश नावाचा नववीतला पोरगा एकदा म्हणाला, "तू तिथं रायफल शिकायला जातोस का हात धुवायला."

"दोन्ही," मॅडम म्हणाल्या. "पैले हात धुवायला."

टार्गेटांच्या बाजूला, पहिल्या लेनला अगदी लागून, एक दार आहे. त्याच्या पलीकडं जुना भटारखाना. पंगत बसली की वाढपी त्याच दारानं पुऱ्यांच्या टोपल्या घेऊन पळत यायचे. रेंज सुरू करताना मॅडमना ते विटांनी बुजवून टाकायचं होतं, पण भामाबाई अडून बसल्या. "उद्या लग्नं परत आली तर पुऱ्या काय खिडकीतून फेकू?" मग आतून लोखंडी अडसर आणि पलीकडून लाल पाटी, ‘आत येऊ नये, नेमबाजी चालू’, यावर तडजोड झाली.

सगळ्यांत मोठा नियम मात्र एका शब्दाचा होता. हॉलमधल्या कुणालाही, अगदी कालच आलेल्या पोराला सुद्धा, काही वावगं दिसलं तर त्यानं ‘थांबा’ म्हणायचं. म्हटलं की सगळ्यांनी चापावरचं बोट काढायचं, रायफल टेकवायची आणि बोल्ट उघडायचा. का म्हटलं ते नंतर विचारायचं. उगाच म्हटलं म्हणून कुणी कुणाला बोलायचं नाही. आणि नियम मोडणाऱ्यानं भिंतीकडच्या बाकावर बसायचं, दिवसभर, तोंड बंद ठेवून.

नियम चांगलाच होता. रेणुकादास उमरीकर यायच्या आधी तर फारच चांगला होता.

रेणुकादास उमरीकर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांची नात देविका अकरावीला होती आणि रेंजवरच्या पोरांत तिचा हात सगळ्यांत स्थिर. सून सौदामिनी बँकेत आणि मुलगा नोकरीनिमित्त किनवटला, त्यामुळं देविकाला स्कूटरवर आणायचं-न्यायचं काम आजोबांकडं आलं. देविका त्यांना नाना म्हणायची, म्हणून रेंजवरची पोरंही नाना म्हणायला लागली. नाना तिला सोडून परत गेले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ते तिच्या मागं खुर्ची टाकून बसायचे.

"थोडं डावीकडं घे."

"नाना, प्लीज."

"खांदे सैल. श्वास घे. सोड. वारा वायव्येकडून दिसतोय."

हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद असायच्या.

"नाना, तुम्ही घरी जाऊन पेपर वाचा ना."

"पेपर वाचून झाला. आणि घरी तू नसतेस, मग मी सांगू कुणाला?"

शेवटी देविकानं मॅडमकडं तक्रार केली. मॅडमची पंचाईत झाली. सरांना घरी जा म्हणायचं कसं? अर्ध्या नांदेडानं त्यांची पट्टी खाल्लेली, त्यात मॅडमचा सख्खा भाऊही होता. दोन दिवस त्यांनी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी नानांसमोर एक लाल जाकीट आणून ठेवलं.

"सर, तुमची नजर चौफेर हाय. ती एकाच पोरीवर खर्च करून राहिलात तुम्ही. आमाला रेंज ऑफिसर पायजेल. हितं कडेला, पैल्या लेनच्या बाजूला बसायचं आणि सगळ्या हॉलवर ध्यान ठेवायचं. शिकवायचं काम माझं."

नानांनी जाकीट घातलं आणि बटणं गळ्यापर्यंत लावली. देविकानं मॅडमकडं इतक्या कृतज्ञतेनं बघितलं की मॅडमना वाटलं, एवढं सोपं होतं तर आधीच करायला पाहिजे होतं.

त्याच संध्याकाळी नानांनी पहिला ‘थांबा’ दिला. झरोक्यात कबुतर बसलं होतं. सगळ्यांनी रायफली टेकवल्या, बोल्ट उघडले, कबुतर उडून गेलं. दुसऱ्या दिवशी यज्ञेशच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली. थांबा. मग भिंतीवरची पाल. मग एका पोरीला लागलेली उचकी. एकदा नाना नुसतेच ‘थांबा’ म्हणाले, सगळा हॉल थांबला, आणि मग नानांना शिंक आली.

"आधी सूचना दिलेली बरी," रुमालानं नाक पुसत ते म्हणाले. "एखाद्याचा हात दचकायचा."

आठवड्याभरात पोरांनी त्यांचं आडनाव बदलून टाकलं. उमरीकर सरांचे थांबेकर सर झाले. नानांच्या कानावर ते गेलं, तर ते म्हणाले की कुळाचं नाव कामावरूनच पडतं, वाईट काय आहे त्यात.

मॅडम मात्र बेजार झाल्या. "सर, पाल भिंतीवर असली तर चालतंय," त्या एकदा हळूच म्हणाल्या.

"टार्गेटच्या फार जवळ होती. तिलाही जीव आहे."

"हाव, खरं हाय," मॅडम म्हणाल्या आणि गप्प बसल्या. उगाच म्हटलं म्हणून कुणी बोलायचं नाही, हे त्यांनीच ठरवलेलं होतं.

लातूरलाही एक रेंज होती. डाळमिलच्या रिकाम्या शेडमध्ये शिवकुमार स्वामी ती चालवायचे. स्वामी मूळचे उदगीरचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांची पोरं सगळी क्लासवाली, फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या मध्ये जो वेळ उरेल त्यात नेमबाजी करणारी. मॅडमची आणि स्वामींची ओळख जुन्या स्पर्धांमधली. फोन झाला की आधी भांडण व्हायचं आणि मग काम. भांडणाचा विषय ठरलेला असायचा. मोठं कोण, नांदेड की लातूर, आणि नवं महसूल आयुक्तालय कुणाच्या गावात व्हायला पाहिजे. दोघांपैकी कुणाचंही आयुक्तालयात काडीचं काम अडलेलं नव्हतं.

अशाच एका फोनवर भांडता भांडता ठरलं की पोरांचीच लढत लावू. तीन-तीन पोरं, एका रविवारी, नांदेडात.

त्या रविवारी सकाळी देविका स्कूटरवर मागं बसली. नाक्याजवळ सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "नाना, एक ऐकाल?"

"बोल की."

"आज उगं थांबा म्हणू नका. पाल दिसली, कबुतर दिसलं, काहीही दिसलं तरी. लातूरची पोरं हसतील आपल्याला."

"गरज असल्याशिवाय नाही म्हणणार," ते म्हणाले.

"तुम्हाला गरज रोजच वाटते."

सिग्नल सुटला आणि नानांनी स्कूटर पुढं काढली.

तिकडं मॅडम पहाटेपासून कामाला लागल्या होत्या. पाहुण्यांसाठी पाण्याचे जार मागवलेले. टेम्पोवाल्यानं ते पुढं न आणता मागं भटारखान्यापाशी उतरवले आणि निघून गेला. मॅडमनी अडसर काढून भिंतीला टेकवला, दार उघडलं आणि जार एकेक करून ओढून आत घेतले. शेवटचा जार आत येतोय तोवर फोन वाजला.

"मॅडम, तुमच्या गावात शिरलोय," स्वामी म्हणाले. "आमच्या नावाचा लातूर फाटा लागलाय."

"फाटाच हाय तेवढा. त्याच्यावर खुश राहा, आयुक्तालय मागू नका."

बोलत बोलत त्यांनी कोपरानं दार लोटलं आणि पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडं गेल्या.

स्वामी जीपमधून उतरले ते तुरीच्या डाळीची पिशवी घेऊनच. मॅडमनी पिशवी घेतली आणि पायांकडं बघितलं.

"बूट हितं."

"मॅडम, रेंज हाय का ऑपरेशन थेटर हो?"

"थेटरात पेशंट बेशुद्ध असतोय. हितं सगळ्यांनी शुद्धीवर ऱ्हायचं हाय."

मग नानांनी पाहुण्यांना नियम समजावून सांगितले. ते त्यांनी भूगोलाच्या तासासारखे सांगितले. हॉलच्या पूर्वेस प्रवेशद्वार, पश्चिमेस टार्गेटं, उत्तरेस बाक, असं करत ते ‘थांबा’पर्यंत आले. लातूरच्या तनुजा नावाच्या मुलीनं हात वर केला.

"सर, हे परीक्षेला आहे का?"

"हेच परीक्षेला आहे," नाना म्हणाले. "बाकी सगळं नंतर."

स्वामी हाताची घडी घालून ऐकत होते. "सर, मी फौजेत जिंदगी काढली," ते हसून म्हणाले. "मला पण सांगून राहिलात का?"

"फौजेत समोर दुश्मन होता," मॅडम मधेच बोलल्या. "हितं आपलीच पोरं हायत. ऐकून घ्या निमूट."

लढत सुरू झाली. जाड जाकिटं आणि तसल्याच ताठ पँटी घालून पोरं बदकांसारखी डुलत आपापल्या लेनला गेली. स्वामींनी पहिल्या फेरीत मॅडमना पाण्यावरून डिवचून बघितलं, की तुमच्या गोदावरीला उन्हाळ्यात काय असतं हो, गवत का. मॅडम म्हणाल्या, गवत तर गवत, निदान आमची नदी रेल्वेनं आणावी लागत नाही. स्वामी म्हणाले, खेळाकडं बघू.

खेळ सारखा चालला होता. कधी लातूर पुढं, कधी नांदेड. यज्ञेशनं दोन छर्रे वाया घालवले आणि पुढं सगळे सावरून मारले. तनुजा थंड डोक्याची निघाली. एकेक गणित सोडवून पुढं जावं तशी ती छर्र्यामागून छर्रा दहाच्या आसपास बसवत गेली. नानांनी एवढ्या वेळात एकदाही तोंड उघडलं नव्हतं. झरोक्यात कबुतर येऊन बसलं, तरी नाही. देविकानं मध्येच एकदा त्यांच्याकडं बघितलं, आणि नानांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

शेवटी बाकी सगळ्यांचं संपलं आणि देविकाचा एक छर्रा उरला. मॅडमनी मनातल्या मनात बेरीज केली. दहा पडला तर बरोबरी, नऊ पडला तर लातूर एका गुणानं जिंकणार. स्वामींनीही तीच बेरीज केली असावी. फौजेत जिंदगी काढलेल्या या माणसाचा एक दोष होता, शेवटचा छर्रा त्यांना बघवत नसे. "मी तोंड धुवून येतो," असं पुटपुटून ते पुढच्या दारानं बाहेर पडले.

देविका पहिल्या लेनवर होती. तिनं रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला. हॉलमध्ये पंखासुद्धा बंद होता. सगळी पोरं तिच्याकडं बघत होती. नाना मात्र नेमून दिल्याप्रमाणं हॉलकडं बघत होते, आणि त्यामुळंच त्यांना दिसलं की पहिल्या लेनच्या टार्गेटचा कागद हलला.

फार नाही. खालचा कोपरा जरासा उचलला गेला आणि परत बसला.

वारा, नानांच्या मनात आलं. आणि लगेच हेही आलं की बंद हॉलमधल्या वाऱ्यावरून या पोरीनं वर्षभर आपली चेष्टा केलेली आहे. त्यांनी देविकाकडं बघितलं. तिचा श्वास थांबलेला होता, बोट चापावर होतं. आता बोललो आणि काही नसलं, तर ही पोरगी माझ्याशी बोलायची नाही. दिवाळीपर्यंत तरी नाही. कागद पुन्हा हलला.

"थांबा," नाना म्हणाले. आवाज फाटला, म्हणून त्यांनी परत म्हटलं, "थांबा."

देविकाचं बोट चापावरून बाजूला झालं. तिनं रायफल टेबलावर टेकवली आणि बोल्ट उघडला. सगळं नियमाप्रमाणं. फक्त कान लाल झाले होते.

"आता काय, पाल का?" यज्ञेश पुटपुटला.

तेवढ्यात टार्गेटांशेजारचं दार उघडलं आणि शिवकुमार स्वामी, भटारखान्याच्या नळावर धुतलेलं तोंड रुमालानं पुसत, आत आले. रुमाल डोळ्यांवरच होता. तसेच ते पहिल्या लेनच्या समोर दोन पावलं चालत आले.

"झालं का?" त्यांनी रुमालाआडून विचारलं. "कोण जिंकलं?"

मग त्यांनी रुमाल खाली घेतला. समोर ओळीनं टेबलं होती आणि टेबलांच्या मागं पोरं होती. स्वामींच्या स्वतःच्या डोक्यावर ‘शुभ विवाह’ होतं. आपण कुठं उभे आहोत हे त्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उशिरा शाळेत आलेल्या पोरासारखा झाला.

"स्वामी सर," नाना म्हणाले, "भिंतीला लागून आल्या वाटेनं परत जा. घाई करू नका."

स्वामी गेले. बाकी रायफलींमध्ये केशरी दोऱ्या होत्याच. देविकाच्या रायफलीत छर्रा भरलेला होता, दोरी जाईना, म्हणून नानांनी तिला टेबलापासून मागं घेतलं आणि स्वतः रायफलीशेजारी उभे राहिले. मग मॅडम दाराशी गेल्या. अडसर सकाळी टेकवला होता तिथंच भिंतीला टेकलेला होता. मग त्यांनी तो उचलला, दाराला लावला, ओढून बघितला, परत एकदा ओढून बघितला. मग त्या वळल्या.

"दार मी उघडं ठेवलं," त्या पोरांना म्हणाल्या. "सकाळी पाणी आत घेतलं आणि फोनवर बोलत गेले. कुणाची चूक न्हाई, माझी हाय."

आणि त्या उत्तरेच्या बाकावर जाऊन बसल्या.

पोरांना हे बघवेना आणि नजरही काढता येईना. तेवढ्यात स्वामी पुढच्या दारानं आत आले. बूट त्यांनी कुणी न सांगता काढले. सरळ बाकाकडं गेले आणि मॅडमच्या शेजारी बसले.

"पाटी वाचली न्हाई का?" मॅडमनी खालच्या आवाजात विचारलं.

"वाचली. मला वाटलं जुनी हाय. लग्नाच्या वेळची."

"लग्नात ‘नेमबाजी चालू’ कोण लिहितंय?"

"आमच्या उदगीरकडं लिहितेत."

"बाकावर बोलायचं नाही," नाना म्हणाले.

दोघेही गप्प बसले.

आता हॉलमध्ये हुकूम देणारं एकच माणूस उरलं होतं. नानांनी जाकिटाचं वरचं बटण चाचपलं, देविकाला बोलावलं, तो भरलेला छर्रा सरावाच्या कागदावर मारून घ्यायला सांगितला, आणखी दोन-तीन सरावाला दिले. नातीशी ते असे बोलत होते जसे तिला पहिल्यांदाच भेटत आहेत. डावीकडं घे, श्वास सोड, यातलं काहीसुद्धा म्हणाले नाहीत. बाकावर मॅडम मुठी आवळून बसल्या होत्या. त्यांना देविकाच्या उजव्या पायाबद्दल काहीतरी सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. स्वामींनी डोळे मिटून घेतले होते.

देविकानं वेळ घेतला. मग छर्रा सुटला. कागद दोरीवरून सरकत आला आणि नानांनी तो उजेडाला धरला.

"नऊ," ते म्हणाले.

लातूर एका गुणानं जिंकलं. तनुजानं येऊन देविकाशी हात मिळवला आणि आधी विचारलं, "साबण कुठाय?" दोघी सोबतच हात धुवायला गेल्या. जेवणं झाली. दोन्ही शिक्षकांना बाकावरच ताट मिळालं, आणि पोरांना ते वाढायला एवढा उत्साह आला की भात दोनदा आणि कढी तीनदा गेली. संध्याकाळी जीप निघताना स्वामी मॅडमना म्हणाले, "असला बाक मला पण करून घ्यायचाय लातूरला."

"दोघं बसतील एवढा करा," मॅडम म्हणाल्या.

परत जाताना देविका मागं तोंड फिरवून बसली. नानांनी दोनदा आरशात बघितलं. शेवटी त्यांनी रसवंतीपुढं स्कूटर थांबवली आणि न विचारता दोन ग्लास सांगितले. लाकडी बाकावर दोघं शेजारी बसले. चरकाच्या घुंगरांचा आवाज चालला होता.

"रागावलीस?" नानांनी विचारलं.

देविकानं मान हलवली, पण ती कोणत्या बाजूनं हलवली ते नानांना कळलं नाही.

"तो छर्रा दहा गेला असता," ते म्हणाले. "मला माहीत आहे. मी मध्ये आलो. पण मी काय करणार होतो, सांग."

"नाना, तो छर्रा नऊ पण नसता गेला. लई वेळ धरून ठेवला होता मी, हात हलायला लागला होता."

"मग झालं तर."

"न्हाई झालं." तिनं ग्लास खाली ठेवला. "मला कागद हललेला दिसला होता."

नानांनीही ग्लास खाली ठेवला.

"तुमच्या आधी दिसला. नेम धरायच्या भोकातून सगळ्यांत नीट मलाच दिसणार ना. एकदा वाटलं माझाच हात असेल. पण मग कळलं की कागदच आहे. आणि मी मनात म्हटलं, हा एवढा मारून घेते. एकच तर राहिलाय." ती थांबली. "स्वामी सर अजून एक पाऊल आधी आत आले असते तर?"

शिक्षक असताना अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना पाठ होतं. चूक कळली म्हणजे अर्धी सुधारली, वगैरे. आत्ता त्यातलं काही तोंडातून येईना. त्यांना दारातले स्वामी दिसत होते आणि ही पोरगी दिसत होती, आणि दोघांच्या मध्ये फार थोडी जागा होती.

"मला पण सेकंदभर वाटलं होतं गप्प बसावं," ते शेवटी म्हणाले.

"का?"

"तू दिवाळीपर्यंत बोलली नसतीस म्हणून."

देविका इतक्यात हसणार नव्हती, पण तिला हसू आलं. "संक्रांतीपर्यंत," ती म्हणाली, आणि उरलेला रस प्यायली. मग डोळे पुसले. ते रस पिताना का पुसावे लागले, हे नानांनी विचारलं नाही.

सोमवारी ती मॅडमकडं गेली आणि सगळं सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "बस बाकावर. मी पण काल बसले. मरत न्हाई माणूस त्यानं."

देविका दिवसभर बाकावर बसली. पोरांना कारण कळलं नाही आणि मॅडमनी कळू दिलं नाही. त्याच दिवशी मॅडम भामाबाईंकडं गेल्या. भामाबाईंनी सगळी हकिकत ऐकली, कपाळाला हात लावला आणि गवंड्याला स्वतःच फोन केला. दोन दिवसांत दार विटांनी बुजलं. गिलाव्याच्या वेळी भामाबाई येऊन उभ्या राहिल्या आणि गवंड्याला म्हणाल्या, नीट कर बाबा, आता पुऱ्या पुढच्याच दारानं येतील. लग्नं परत येतील यावरचा त्यांचा विश्वास मात्र ढळला नव्हता.

पुढच्या महिन्यात लातूरला परतीची लढत होती. स्वामींनी फोन करून सांगितलं, की पोरं कोणतीही आणा, पण रेंज ऑफिसर म्हणून उमरीकर सरच पायजेत. मॅडम म्हणाल्या, त्यांना देऊ का आयुक्तालय देऊ, एक काहीतरी मागा. स्वामींनी सरांना मागितलं.

लातूरच्या शेडमध्ये नाना दिवसभर ताठ बसून होते. बोलायची वेळ एकदाही आली नाही, आणि ते बोललेही नाहीत. तनुजानं देविकाला पुन्हा हरवलं, या वेळी चांगल्या फरकानं. देविका म्हणाली, ती क्लासला जाते म्हणून, आणि मग दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले.

परतताना जीपमध्ये पोरं पेंगली. देविका नानांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. लोह्याच्या अलीकडं उन्हं उतरली, रस्त्यावर बैलगाड्या दिसायला लागल्या, आणि नाना पुढं वाकून ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "थांबा, पुढं गतिरोधक आहे."

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मागं सगळी पोरं जागी झाली, आणि झोपेतच त्यांचे हात समोरचं काहीतरी खाली ठेवायला लागले.

"उतरायचं का सर?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. "नुसतं सांगितलं. चला तुम्ही."